पाठीवरच्या लेकराचं पुढं काय झालं

ताराबाई सकाळीच जिऱ्याची रिकामी पुडी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा वर्षाराणीला वाटलं, जिऱ्यात खडे निघाले असणार.

"वर्षा, ह्या बाईच्या पाठीवरचं लेकरू कवाधरनं उपाशी हाय," ताराबाई म्हणाल्या. "पुढं काय झालं तेवढं सांग. माझा जीव अडकून राह्यलाय."

वर्षाराणीच्या कडेवर दीड वर्षाचा बसू होता आणि हातात त्याच्या दुधाची वाटी. तिनं वाकून कागद पाहिला. जाडाभरडा कागद, काळी-पांढरी चित्रं, डोंगराची चढण, पाठीला लेकरू बांधलेली बाई आणि कडेनं उभ्या ओळीत मुंग्यांसारखी उतरणारी अक्षरं. वाटी खाली ठेवायचं भान तिला राहिलं नाही. दूध बसूच्या पायावरून ओघळून तिच्या निऱ्यांत गेलं.

"हे तुमच्याकडं कसं आलं?"

"कसं म्हंजे? तुज्या सासऱ्यानं जिरं बांधून दिलं. शेजारणीकडं हळद आली त्यात ह्याच्या आधीचं पान हाय. पण पुढचं कुणाकडं गेलंय ते गावत न्हाई."

आज बुधवार होता. गुरुवारी बाराच्या एसटीनं कडा गावच्या सुकन्याबाई सोडतीत लागलेलं हे पुस्तक न्यायला येणार होत्या.

नांदूरघाटच्या पेठेत कल्याणरावांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागं घर. वर्षाराणी त्या घरात सून म्हणून आली ती ट्रंकेत साड्यांखाली चाळीस चित्रकथा घेऊन. बसू झाल्यावर इतर वाचन सुटलं, पण चित्रकथा टिकली. कारण पाजताना एक हात मोकळा राहतो आणि चित्रकथा एका हातात मावते. एकदा तिनं एका मासिकाला पत्र लिहिलं, त्यांनी ते पत्त्यासकट छापलं, आणि जिल्हाभरातून तिच्यासारखीच माणसं लिहिती झाली. बघता बघता तेवीस जणांचं मंडळ झालं. दर महिन्याला ती सगळ्यांना पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठवी: तुमचा आवडता चित्रकार कोण, आणि का?

अडचण एकच. स्वस्तातल्या पुस्तकांवर चित्रकाराचं नाव छापत नसत. मग मंडळींनी हातावरून माणसं ओळखायला घेतली आणि त्यांना टोपणनावं दिली. घोड्यांचे पाय नेमके काढणारा तो घोडेवाला. माणसांचे हात काढता येत नाहीत म्हणून सगळ्यांना शाली पांघरणारा तो शालवाला. धर्मापुरीचे हरिओम शालवाल्याच्या बाजूनं इतके तावातावानं लिहीत, की मजकूर पत्त्याच्या जागेत घुसे. पोस्टमन मुंजाजी म्हणत, "ह्या धर्मापुरीवाल्याला कुणीतरी इनलँड घेऊन द्या. पत्ता वाचू का भांडण वाचू?"

दर चार महिन्यांनी मंडळातर्फे एक पुस्तक भेट देण्याची टूम वर्षाराणीनंच काढली. सगळ्यांच्या उत्तरांच्या चिठ्ठ्या तांब्यात घालायच्या आणि लेकराच्या हातून एक काढायची. पहिल्या सोडतीत बसूनं मूठ घातली आणि चिठ्ठी निघाली त्याच्या आत्याची, कावेरीची. कावेरी मंडळाची रीतसर सभासद होती, पण ते कुणाला सांगणार? आठवड्याच्या आत सुकन्याबाईंचं कार्ड आलं: "बक्षीस घरातल्या घरात राहिल्याचे वाचून आनंद झाला. पुढील सोडत घराबाहेर व्हावी." सुकन्याबाई शाळेत चित्रकला शिकवत. मजकुराच्या प्रती त्यांनी तेवीसच्या तेवीस जणांना पाठवल्या होत्या. वर्षाराणीला दोन दिवस घास गिळवला नाही. तिनं आयुष्यात स्वतःचं असं एवढंच उभं केलं होतं, आणि त्यावर पहिलाच डाग लबाडीचा पडला होता.

म्हणून दुसरी सोडत पोस्टात, मुंजाजींच्या हातानं, चार माणसांसमोर झाली. बक्षीसही तसंच तोलामोलाचं होतं. वर्षाराणीचा भाऊ संगमेश पुण्याच्या कारखान्यात लागला होता. उदारीकरणाच्या नव्या वाऱ्यात कारखान्यानं जपान्यांशी हातमिळवणी केली आणि संगमेशला तीन महिने तिकडं शिकायला धाडलं. येताना त्यानं बहिणीसाठी टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाडजूड पुस्तक आणलं. तिकडं त्याला मांगा म्हणतात, रेल्वेत सगळे तेच वाचतात, एवढंच तो सांगू शकला. वर्षाराणीनं अक्षर न समजता ते तीनदा वाचलं, काळजावर दगड ठेवून बक्षिसाला लावलं, आणि मुंजाजींनी चिठ्ठी काढली ती सुकन्याबाईंची.

सुकन्याबाईंनी कळवलं: "पोस्टावर विश्वास आहे. तरी स्वतः येत आहे."

तोवर पुस्तक सांभाळायचं होतं ते बसूपासून. बसू पुस्तकं खात असे. खालच्या फळीवरची झाली, मग खुर्चीवर चढून मधल्या फळीवरची झाली. शेवटी वर्षाराणीनं दुकानातली सगळ्यांत वरची फळी निवडली. त्या फळीवर रद्दी ठेवतात हे तिला ठाऊक होतं. पण घरातली प्रत्येक वस्तू तेव्हा ती एकाच मापानं मोजत होती, बसूच्या हातापासून किती लांब.

ती दुकानात गेली तेव्हा कल्याणराव गादीवर बसून मोहरीची पुडी बांधत होते. पेठेतल्या बाकीच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या होत्या, पण कल्याणरावांचा दोऱ्याच्या पुडीवरचा विश्वास अढळ होता.

"मामा, हा कागद..."

"लई ब्येस कागद हाय. तेल पीत न्हाई. कुठनं आणली ही रद्दी?"

"जपानहून."

"मंग बरोबर," कल्याणराव म्हणाले आणि पुढचं पान फाडायला हात घातला.

"मामा, ते बक्षिसाचं पुस्तक हाय."

हात तिथंच थांबला. कल्याणरावांनी अर्धवट फाटलेलं पान हळूच परत दाबून बसवलं, जसं काही ते चिकटणार होतं. "मंग रद्दीच्या फळीवर कावून ठेवलं?"

तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि फाटलेल्या बाजूच्या पानांच्या कडा मोजल्या. अडतीस पानं गेली होती. एका गोष्टीचं तिला नवल वाटलं.

"शेवटाकडून फाडलं का तुमी?"

"शेवटाकडनं? सुरुवातीकडनंच फाडलं की." कल्याणराव निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकले होते. "किताब उजवीकडनं उघडती. चित्रं बघ ना. बाई घरातनं निघती, तान्हं पाठीला बांधती, कुणाची तरी चिठ्ठी कमरेला खोचती आन डोंगर चढती. पोर वाटंतच मोठं होत जातं."

वर्षाराणी तेलाच्या डब्यावर बसली. तिनं तीनही वेळा पुस्तक डावीकडून वाचलं होतं. चालतं-बोलतं पोर आईच्या पाठीवर चढतं आणि पानोपानी लहान होत जातं, हे तिला खटकलं होतं. तसं तिनं मंडळाला कळवलंही होतं, तेवीस कार्डांवर, सुवाच्य अक्षरात: "चित्रकाराचा हात मोठा, मात्र लेकराच्या वयाचे भान नाही." हरिओमनी उलट टपाली लिहिलं होतं, शालवाल्याच्या हातून अशी चूक झाली नसती.

आता एक दिवस होता आणि अडतीस पानं गावभर.

ती तशीच बाहेर पडली. बसू खाली राहीना, आणि दोन्ही हात तर हवे होते; तिनं जुन्या लुगड्यानं त्याला पाठीशी बांधलं. ताराबाईंनी आपलं पान दिलं, पण अटीवर: पुढचं सापडलं की आधी त्यांना दाखवायचं. गिरणीत एक पान भिंतीला खळीनं चिकटवलेलं होतं, ते पाणी लावून सोडवलं. एक पान देवळात समईखाली होतं. एक वहीला कव्हर झालं होतं. कोणीही सहज देईना. वस्तू परत मागितल्याचा राग कुणालाच नव्हता. गोष्ट अर्धी सोडायला कुणी तयार नव्हतं.

गावाबाहेर मेंढरं राखणाऱ्या जानकीबाई मेंढवाड्याजवळ लोकर विंचरत बसल्या होत्या. वर्षाराणी पाठीवर पोर घेऊन चढण चढून येताना दिसली तशा त्या सुनेला म्हणाल्या, "बघ गं, आलीच ती चित्रातली बाई. चिठ्ठी आणली का?"

"चिठ्ठी न्हाई, पानं न्यायला आले," वर्षाराणी धापा टाकत म्हणाली.

जानकीबाईंनी गूळ बांधून आलेली दोन पानं घडीतून काढली. "हिनं लेकराला बांधलंय ती गाठ बरोबर हाय. ज्यानं काढलं त्यानं सवता लेकरू वागवलं असंल. न्हाईतर त्याच्या आईला नीट बघितलं असंल."

मंडळातल्या तेवीस जणांनी कुठल्याही चित्रकाराबद्दल इतकं नेमकं कधी लिहिलं नव्हतं. वर्षाराणी काळजी विसरून खाली बसली. "पण चिठ्ठी कुणाची असंल हो? नवऱ्याची?"

"भावाची."

"कशावरून?"

"नवऱ्याच्या चिठ्ठीसाठी कोण एवढा डोंगर चढतंय?"

संध्याकाळपर्यंत तेहतीस पानं जमली. पाच मात्र मिळाली नाहीत. कावेरीनं तांब्यात निखारे घालून पानांना इस्त्री केली आणि दाभणानं शिवून दिली. पुस्तक पुन्हा पुस्तकासारखं दिसू लागलं. फक्त त्याला हिंगाचा वास येत होता, मधे मधे हळद होती, आणि गुरुवारी सकाळी पाहिलं तर मुंग्या लागल्या होत्या.

"वैनी, मुंग्या कुठल्या अन् अक्षरं कुठली, कळंना गेलंय," कावेरी म्हणाली. वर्षाराणीला हसू आलं नाही.

सुकन्याबाई बाराच्या एसटीनं आल्या. उंच बाई, हातात छत्री, खांद्याला चित्रांची भली मोठी पिशवी. वर्षाराणीनं पाणी दिलं आणि त्यांनी भांडं खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं; फळी, रद्दी, जिरं, पाच पानं. खोटं सुचत नव्हतं असं नाही, पण सुचलेली तिन्ही खोटी खऱ्यापेक्षा वाईट होती.

सुकन्याबाईंनी पुस्तक डावीकडून उघडलं. दहा-वीस पानं चाळली. "तुम्ही लिहिलंत तसंच आहे. पोर लहान होतंय."

"बाई," गादीवरून कल्याणराव म्हणाले, "उजवीकडनं बघा."

सुकन्याबाईंनी पुस्तक फिरवलं. पहिलं पान, दुसरं पान. हळदीचा डाग ओलांडून त्यांचं बोट लेकरावर थांबलं. मग पुढच्या पानावर. मग पुढच्या. "मान धरायला लागलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इथं दात आलाय."

एव्हाना दुकानासमोर ताराबाई येऊन उभ्या होत्या, गिरणीवाला होता, जानकीबाई मेंढरं सुनेवर सोपवून आल्या होत्या. पहिलं गहाळ पान आलं तशा सुकन्याबाई अडखळल्या.

"तिथं ती नदी उतरती," ताराबाईंनी पुरवलं. "लेकरू डोक्यावर घेती. चपला गेल्या वाहून."

"एकच गेली," गिरणीवाला म्हणाला. "ते पान बी माझ्याकडंच होतं. पीठ सांडलं म्हणून पुसलं त्यानं."

असं करत पाचही पानं बोलून भरून निघाली. मग न फाटलेला भाग सुरू झाला, जो उजवीकडून कुणीच पाहिला नव्हता. सुकन्याबाई पुस्तक उंच धरून पान पान दाखवू लागल्या, शाळेत दाखवत असतील तसं. चारची एसटी आली आणि गेली. कल्याणरावांच्या दुकानात त्या दुपारी एक पुडी बांधली गेली नाही.

शेवटून दुसऱ्या पानावर बाई लाकडी फाटकाशी पोचली. सुकन्याबाईंनी पान उलटलं, तर पुढं फक्त पुठ्ठा. शेवटचं पान नव्हतं.

सगळे वर्षाराणीकडं बघू लागले. सहावं पान, हे तर तिनं मोजलंच नव्हतं.

कल्याणराव खाकरले. गादीचा कोपरा उचलून त्यांनी खालून एक पान काढलं. त्यावर एकही डाग नव्हता.

"शेवट बघितल्याबिगर माल गिऱ्हाइकाला द्यायचा न्हाई," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "आमच्या वडलांपासनं चाल हाय."

शेवटच्या चित्रात लेकरू पुढं पळत होतं. बाई मागं उभी होती. पाठीवरचं फडकं रिकामं लोंबत होतं, आणि तिचा एक हात अजून पाठीमागं तसाच होता, लेकराला आधार द्यायला धरलेला. चिठ्ठी कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"भावाचीच," जानकीबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून मेंढरांकडं गेल्या.

वर्षाराणीनं झोपलेल्या बसूला विनाकारण छातीशी घट्ट धरलं. तो किरकिरला.

सुकन्याबाई पुस्तक घेऊन पाचच्या गाडीनं गेल्या. आठवड्यानं तेवीस जणांना त्यांचं कार्ड मिळालं: "पुस्तक पोचले. मुंग्या गेल्या, हिंग आहे. लेकराच्या वयाचे भान चित्रकाराला पूर्ण आहे. आपणा कोणालाच नव्हते. यापुढे त्यांना पाठीवाला म्हणावे." सोडतीबद्दल एक शब्द नव्हता. वर्षाराणीनं ते कार्ड चारदा वाचलं आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

मंडळात नवे सभासद आले. ताराबाई आल्या, जानकीबाईंचं कार्ड सून लिहून देई. चार महिन्यांनी पुन्हा सोडत झाली. पोस्टात, मुंजाजींच्या हातानं, ह्या वेळी दहा माणसांसमोर. मुंजाजींनी बाह्या वर करून तांब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि वाचता वाचता थांबले.

"काय झालं?" वर्षाराणीनं विचारलं.

"तुमीच बघा."

चिठ्ठीवर वळणदार, जुन्या धाटणीचं अक्षर होतं. आवडता चित्रकार: पाठीवाला. कारण: माल तोलून दिला आहे, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. सभासद: कल्याणराव.

वर्षाराणी बक्षिसाचं पुस्तक घेऊन दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कड्याला सुकन्याबाईंना काय कळवायचं, ह्याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि एकही जुळत नव्हतं. कल्याणरावांनी हात पुसून पुस्तक घेतलं. चांगलं मराठी पुस्तक होतं, डावीकडून उघडणारं. त्यांनी ते उजवीकडून उघडलं, शेवटचं पान नीट पाहिलं, आणि पुस्तक मिटून गादीखाली सरकवलं.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. "त्या बाईला लिही, घरातच राह्यलं. खरं तेच लिही. अन् बसूला हिकडं येऊ देऊ नको."