चमच्यांसाठी सोडलेलं पाणी

पक्षी कसे बोलवायचे ते मला विचारा! तळ्यात पाणी त्यांच्या गुडघ्याइतकंच ठेवायचं. मग काळ्या तोंडाचे चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी, आपोआप उतरतात आणि चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत चिखल ढवळत बसतात. हे मी बायकोला, ग्योकचूला, जेवताना रोज ऐकवत होतो.

"एक काळं तोंड घरात आहे तेवढं पुरे," ती म्हणाली.

तिचंही खोटं नव्हतं. आमचं माशांचं तळं हल्ली खाद्याचा खर्चही जेमतेम भागवायचं, आणि तिचा धाकटा भाऊ तिकसिंग त्यावर सौर पॅनेल टाकायला टपून बसला होता. तळं माझ्या वडिलांनी खणलेलं. त्यावर झाकणं पडलेली मला बघवली नसती. म्हणून मी तैपेईच्या पक्षीमंडळाच्या लाऊ बाईंना बोलावलं. त्यांना तळं पसंत पडलं तर दर हिवाळ्यात मंडळाची सहल आमच्याकडे, पैसे मोजून. नाही पडलं तर पॅनेल. ग्योकचूने निकाल आधीच लिहून ठेवल्यासारखा चेहरा केला होता.

मोठे मासे विकून झालेच होते. मी आदल्या संध्याकाळी बांधातल्या उघाडीची फळी काढून पाणी बाहेर सोडलं. सकाळी लाऊ बाई आल्या, गळ्यात दुर्बीण घालून. ही साठीची बाई खेकड्याच्या बिळापुढेही थांबून "आत कोण राहतं?" असं विचारायची. आम्ही चौघं बांधावर गवताआड दबा धरून बसलो. चौथा तिकसिंग, माझी फजिती बघायला खास आलेला.

आता आमच्या छीगू गावात एक रीत आहे. मालकाने मासे काढून पाणी उतरवलं की उरलंसुरलं गावाचं. बांधावरून बघणाऱ्याला कळणार कसं, की हे पाणी चमच्यांसाठी उतरवलंय? पक्ष्यांच्या नादात ही रीत माझ्या डोक्यातूनच गेली होती.

समोरच्या बांधावर शेजारच्या खिम काकू उगवल्या. हातात बादली.

"काय रे, पाणी उतरवलंस आणि सांगितलं नाहीस? एकट्यानेच खाणार होतास?"

"काकू, हळू बोला. पक्षी येणार आहेत."

"येऊ देत की. तेही गावचेच," असं म्हणत काकू चिखलात उतरल्या. त्यांच्या मागून अख्खी गल्ली उतरली. मी हातवारे करत कुजबुजत सुटलो, पण कुजबुजून माणसं हाकलता येत नाहीत.

"बाई, हेच आमच्या दाजींचे पक्षी," तिकसिंग म्हणाला.

बाईंचं लक्षच नव्हतं. "चिखलात मासा दिसतो कसा हो, काकू?"

"दिसत नाही. पायाखाली वळवळलं की खाली बसायचं."

बाईंनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली, बूट काढले आणि थेट गुडघाभर चिखलात! तिथेच रुतल्या. त्यांना ओढायला गेलेला तिकसिंग पालथा पडला आणि उठला तेव्हा जागच्या जागी नाचत होता.

"ताई, शर्टात काहीतरी आहे."

"चिलापी आहे, सोडू नकोस!" ग्योकचू ओरडली, आणि पॅनेलचा निकाल मनात लिहून ठेवलेली माझी बायको साडेतीन हात लांब उडी मारून तळ्यात.

दुपारपर्यंत कोण कुठला हे ओळखू येईनासं झालं. चिखलातून एक आवाज आला, तो लाऊ बाईंचा होता.

"पुढच्या हिवाळ्यात तीस जणांना घेऊन येते. पक्षी काय, आम्ही सगळीकडे बघतो. हे कुठे मिळतं?"

ग्योकचूने भावाला विचारलं, "आणि तुझे पॅनेल?"

"थांब गं ताई, पायाखाली मोठी आलीये."

तळं वाचलं. माझा त्यात हात किती, हे मी कुणाला विचारलं नाही. बाईंची दुर्बीण सांभाळत बांधावर बसून राहिलो. तेवढ्यात तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी उतरलं, मागोमाग आणखी काही. लांब काळे पाय, काळं तोंड, आणि चोच डावी-उजवीकडे. मी तसाच बुटांसकट चिखलात शिरलो आणि ग्योकचूच्या कानाशी वाकलो.

"आले गं. खरंच आले."

तिने मान वर केली नाही. "किती जण?"

"सात."

"त्यांना म्हणावं बादल्या घेऊन या. आपल्याकडच्या संपल्या."