सिंगापूरचा घड

यावलच्या तोतारामनानांना कोणतंही गाव किती लांब आहे ते विचारा, मैल कधी सांगणार नाहीत. भुसावळ? "सोळा आणे." मुंबई? "चवदा." दिल्ली? "बारा, न् तेबी थंडीत." नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा तिकिटाचे दर सांगतोय. पण नाना केळीवाले. घड जितका लांब धाडायचा तितका कच्चा कापायचा, म्हणजे वाटेत पिकून नासत नाही. सोळा आणे म्हणजे झाडावरच पुरता भरलेला. सारं जग नाना याच मापानं मोजत. एकदा शेजारी सोयरीक जमत होती. नवऱ्या मुलाला खालीवर न्याहाळून नानांनी निकाल दिला, "पोरगा दहा आणेच हाये. इतक्यात कापू नका." सोयरीक वर्षभर लांबली.

हे माप अडलं ते एकदाच. नानांची एकुलती सिंधू धुळ्याला दिलेली. जावई पेढीच्या कामावर सिंगापूरला गेला, पाठोपाठ तीही गेली. तिथं तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. तिला डोहाळे लागले तेही बापाच्या मळ्यातल्या केळ्यांचे! तिचा दीर विमानानं तिकडे निघालाच होता, म्हणून त्याच्याबरोबर घड धाडायचं ठरलं.

"तिकडे केळी मिळत नाहीत का?" मी विचारलं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

मी शाळामास्तर. दुसऱ्या दिवशी भर तासाला नाना वर्गात शिरले आणि भिंतीवरच्या आशियाच्या नकाशावर केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी धरून मुंबई ते सिंगापूर मापू लागले. दोरी दिल्लीच्या तिप्पट भरली. नाना मटकन माझ्या खुर्चीत बसले.

"मास्तर, मंग तं घड धरायच्या आधीच कापा लागीन!"

पोरं खदाखदा हसली. त्या दिवशी भूगोल तिथंच संपला.

शेवटी दीरच धुळ्याहून समजूत घालायला आला.

"नाना, आज विमानात बसलं की उद्या सिंगापूर."

"एका दिवसात? न् खड्डे?"

"विमानाला रस्ताच नसतो, नाना."

"मंग आपल्या भुसावळच्या मोटारीपरीस बरं म्हना की!"

नाना असे खुलले की विचारू नका. आठवडाभर ते भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "सिंगापूर काई लांब नाही, भाऊ. भुसावळच समजा."

निघायच्या दिवशी मीही मोटार स्टँडवर गेलो. नानांनी गोणपाट उलगडलं आणि मी पाहतच राहिलो. आत एक छोटासा घड, हिरवागार, दगडासारखा टणक.

"नाना, हे काय? एका दिवसाचा तर प्रवास! पिकलेला का नाही आणला? पोरीला डोहाळे लागलेत, आणि तुम्ही हे कच्चं धाडताय?"

दीर सामान टपावर चढवत होता. तो ऐकत नाही असं पाहून नाना जवळ आले.

"पिकेल धाडलं तं पोर एका दिवसात खाईन, मास्तर. न् मंग?" त्यांनी गोणपाट पुन्हा नीट गुंडाळलं. "हे ती आठ रोज घरात टांगीन. रोज उठून पाहीन, पिवयं झालं का, वास सुटला का." त्यांनी सुतळीची गाठ आवळली. "तिले येता येत नाही ना. तेवढे आठ रोज ती माह्येरी राह्यली, असं समजीन मी."