मशीनची नळी

गाड्यांच्या कूलिंगसाठी हलकी प्लॅस्टिकची नळी बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनिअर सकाळपासून घर पालथं घालत होता. नळीचा एकुलता एक चांगला नमुना त्याने मोजमापासाठी घरी आणला होता आणि अकरा वाजता गाडी कंपनीचे साहेब तो तपासायला येणार होते.

"आई, कपाटावरची काळी नळी पाहिलीत?"

"ती होय? कपडे धुण्याच्या मशीनची फुटली होती, तिच्या जागी लावली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. तुम्हाला आज आठवण आली!"

मशीन चालू होतं. इंजिनिअरने मागचापुढचा विचार न करता नळी ओढली आणि स्वयंपाकघरात गुडघाभर फेस झाला. पायमोजे पिळत, नळी बगलेत मारून तो कारखान्यात पळाला.

साहेबांनी नळी तळहातावर तोलली, मग नाकाशी नेली. "साबणाचा वास येतोय."

थाप मारायचं इंजिनिअरच्या ओठांवर आलं होतं. पण ओल्या बुटांतून पचक असा आवाज आला आणि त्याने खरं ते सांगून टाकलं.

साहेब बराच वेळ बॅटरी लावून नळीच्या आत बघत राहिले. "पंधरा दिवस गरम पाणी, वर मशीनचा थरथराट. तरी एक चीर नाही. फोन लावा तुमच्या सासूबाईंना."

फोन स्पीकरवर लागला. "नळी कशी वाटली, बाई?"

"वजनाला फूल आहे. पण कोपऱ्यात वाकवली की चिमटते."

इंजिनिअरने डोळे मिटले. ते चिमटणं घालवण्यात त्याचा महिना फुकट गेला होता, आणि साहेबांना ते कळू नये म्हणून तो सकाळपासून देव पाण्यात घालून बसला होता.

"मग तुम्ही काय केलंत?"

"उकळत्या पाण्यात धरली दोन मिनिटं, वाकवली आणि गार पाणी ओतलं. मुकाट्याने बसली."

साहेबांनी इंजिनिअरकडे पाहिलं. "लिहून घ्या."

इंजिनिअरने लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "साहेब, मंजुरीचं काय?"

"ते यांनाच विचारा."

"मंजुरीबिंजुरी मागाहून," फोनमधून आवाज आला. "आधी नळी घेऊन घरी या. कपडे अजून साबणात आहेत."

साहेबांनी नळी त्याच्या हातात दिली आणि स्वतः उठून दार उघडलं.