सातव्या व्हर्जनचे पालक

मामांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर सकाळी सकाळी पाटी झळकली: ‘सातव्या व्हर्जनचा सपोर्ट महिनाअखेर बंद होत आहे.’ मामांनी तडक भाचीला फोन लावला. ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम तिनेच घालून दिली होती, त्यामुळे कॉम्प्युटरला साधी शिंक आली तरी जबाबदार तीच.

"बंद म्हणजे? मी कुणाचं घोडं मारलंय?"

"मामा, ती सिस्टिम लोक मिळून बनवतात. जुनं व्हर्जन किती वर्षं सांभाळणार ते? आठवं घालू या."

"आठव्यात माझं मशीन चालतं का?"

सगळी मेख तिथेच होती. मामांचं भरतकामाचं मशीन म्हातारं, आणि त्याला नक्षी समजावून सांगणारा चिमुकला प्रोग्राम फक्त सातव्यात होता. शाळांच्या गणवेशांवरचे बिल्ले त्या मशीनवर निघत आणि घर त्या बिल्ल्यांवर चाले.

"यामागे कोण आहे ते सांग."

"कुणी नाही रे. काम करणारे निम्मे लोक एका मोठ्या कंपनीत नोकरीला आहेत. कंपनीला आठवं हवंय, एवढंच."

"एवढंच? अगं, मग आणखी काय राहिलं!"

संध्याकाळी मामांनी भाचीकरवी त्या लोकांच्या फोरमवर तोफ डागली: ‘तुम्ही सगळे कंपनीच्या दावणीला बांधलेले आहात!’ उत्तर फारच गोड आलं. तुमचा राग रास्त आहे, पण आमच्याकडे रीत अशी, की ज्याला हवं त्याने अंगावर घ्यावं. सातवं कोण सांभाळतंय?

"लिही, मी सांभाळतो."

"मामा, तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला कळतं ना? मग झालं तर!"

असे मामा सातव्या व्हर्जनचे पालक झाले. "स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय," मामी म्हणाल्या, "आणि हे निघाले जगाचं सांभाळायला."

चार दिवस अभिनंदनात गेले. मग तक्रारी सुरू झाल्या. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा आवाज गेला. एका गृहस्थाने तर उत्तराला उशीर झाला म्हणून मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"फुकट वापरायचं आणि वर हा माज!" मामा कडाडले. भाचीने फोरमवरची त्यांचीच तोफ उघडून समोर धरली.

दुरुस्त्या तीच करायची, ऑफिसातून दमून आल्यावर. पालकाने त्या वाचून ‘मंजूर’चं बटण दाबायचं. मामा वाचत नसत, दाबत मात्र नेमाने. शेवटी भाचीने हात टेकले.

"एक तर हे बंद कर, नाहीतर माणसं आण."

माणसं दिली ती कंपनीनेच. तिच्या गोदामांतही अजून सातवंच चालत होतं, म्हणून तिने दोन इंजिनिअर देऊ केले.

"घ्यायचे?" भाचीने विचारलं. "आणि दावणीचं काय?"

"अगं, माणसं वाईट नसतात. आपलं मशीन चाललं पाहिजे."

इंजिनिअर झपाट्याने कामाला लागले. रोज दुरुस्त्यांचा ढीग येई आणि मामा पेपर चाळता चाळता मंजूर करून टाकत. मग एका शनिवारी अपडेट आला आणि मशीन बंद पडलं. सोमवारी शाळा उघडणार होती, निम्मे बिल्ले व्हायचे होते. मामांनी फोन फिरवला. भाची धावत आली.

"कंपनीच्या माणसांनी अडगळ काढली, त्यात तुझा प्रोग्राम गेला. त्यांच्या गोदामात भरतकाम कोण करतंय?"

"म्हटलं नव्हतं मी? केसाने गळा कापला मेल्यांनी!"

"पण कुणीतरी होकार दिलाच असेल ना?" मामी आतल्या घरातून दुकानात आल्या. "कोण तो शहाणा? माझ्यासमोर आणून उभा करा त्याला."

"उभा कशाला, मामी," भाची स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "बसलाय की तुझ्यासमोर."

मंजुरीखाली मामांचंच नाव होतं. मामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कंपनीला शिव्या द्याव्यात, तर तिने सगळं रीतसर विचारून केलं होतं.

तासाभरात भाचीने प्रोग्राम परत बसवला. "आता फक्त पालकाची मंजुरी."

मामांचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. मामींनी मनगट धरलं.

"आधी वाचा."

"अगं, बिल्ले राहिलेत—"

"राहू देत." मामींनी स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या. "पहिल्या ओळीपासून. आणि मोठ्याने."