गोफ्याच्या तीन गाठी

एका जंगलात झाडांनाही पासवर्ड होते. त्या जंगलात गोफ्या आणि झिपऱ्या हे दोन सुगरण पक्षी राहत. गोफ्या थोरला, झिपऱ्या धाकटा. मुलांनो, नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर. हे पाठ करू नका, परीक्षेत येत नाही.

गोफ्या फार सुंदर विणायचा. झिपऱ्याला मात्र एका जागी बसवत नसे. दादा विणायला बसला की हा नाकतोड्यांच्या मागे.

एकदा जंगलात कोल्हेसाहेबांनी ‘नक्कल्या’ नावाचं यंत्र आणलं. लोखंडी चोच, पोटात फाईल. आपण एकदा काम करून दाखवायचं. नक्कल्या ते फाईलमध्ये ठेवतो आणि बटण दाबलं की तसंच्या तसं करतो.

गोफ्याने परवाना घेतला. नक्कल्यासमोर एक अख्खं घरटं विणलं. नक्कल्याने सगळं टिपलं. मध्येच मान डावीकडे वळवून गोफ्या काहीतरी बोलला, तेही टिपलं.

“दादा, आता तुला काम काय उरलं?” झिपऱ्याने विचारलं.

“तुझे कान उपटायचं,” गोफ्या म्हणाला.

पुढच्या वर्षी गोफ्याचं लग्न झालं. वहिनी म्हणाली, “घरटं कुठंय?” गोफ्या ऐटीत बटण दाबायला निघाला. तेवढ्यात ससाणा आला. ससाण्याने नाव विचारलं नाही, परवाना विचारला नाही. गोफ्याला उचलून घेऊन गेला.

मुलांनो, असं रडायचं नाही. गोष्ट पुढे मजेची आहे.

वहिनीच्या पोटात अंडी होती. अंडी काही रडणं संपायची वाट बघत नाहीत. झिपऱ्याने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

नक्कल्या म्हणाला, “परवानाधारक सापडला नाही.”

झिपऱ्याने नक्कल्याला चोच मारली. चोच दुखली. मग तो कोल्हेसाहेबांच्या बिळाकडे उडाला.

“साहेब, आमच्या दादाची फाईल उघडा.”

“अवश्य. परवाना कोणाच्या नावावर?”

“दादाच्याच.”

“मग त्यांना पाठवा. पंजाचा ठसा लागेल.”

“दादा गेला, साहेब.”

“कुठे गेले? पत्ता बदलला असेल तर त्याचा अर्ज वेगळा.”

“मेला हो! ससाण्याने नेला!”

“अरेरे. आपलं दुःख आमच्यासाठी महत्त्वाचं आहे,” कोल्हेसाहेब म्हणाले. “तरी ठसा लागेलच.”

“पण विणलं दादाने, काड्या दादाच्या, फाईलसुद्धा दादाचीच ना?”

“फाईल तुमचीच. तिला आम्ही हातही लावत नाही. उघडायची चावी तेवढी आमची.”

झिपऱ्याने साहेबांना अशा शिव्या दिल्या की बिळातला उंदीर लाजून बाहेर गेला. साहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत.

“परवाना नसला तरी नमुना बघता येतो,” ते म्हणाले. “पहिल्या तीन गाठी. कितीही वेळा, फुकट.”

झिपऱ्या परत आला. नमुन्याचं बटण दाबलं. लोखंडी चोच हलली. पहिली गाठ. दुसरी गाठ. मग नक्कल्याने मान डावीकडे वळवली आणि गोफ्याच्या आवाजात म्हणाला, “झिपऱ्या, बघतोयस ना रे?”

आणि थांबला. उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

त्या दिवशी उत्तर कोणी दिलंच नव्हतं. झिपऱ्या नाकतोड्यांच्या मागे होता.

“बघतोय, दादा,” झिपऱ्या म्हणाला.

नक्कल्याने तिसरी गाठ मारली आणि बंद पडला.

झिपऱ्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दर वेळी उत्तर दिलं. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की अख्खं घरटं म्हणजे याच तीन गाठी, पुन्हा पुन्हा. त्याने गवताचं पातं उचललं.

घरटं झालं. वहिनीने चहूबाजूंनी पाहिलं. “भावजी, हे घरटं की पडवळ?”

“आत जाऊन तर बघा, वहिनी.”

वहिनी आत शिरली. पडवळ हललं, डुललं, पण तुटलं नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “गाठी ह्यांच्यासारख्याच आहेत हो.” तिथेच तिने अंडी घातली.

तिसऱ्या दिवशी कोल्हेसाहेब झाडाखाली हजर.

“झिपऱ्या, या गाठी परवान्याच्या आहेत. नमुना बघायला दिला होता, ठेवून घ्यायला नव्हे. कुठे साठवल्यास?”

झिपऱ्या खाली उतरला. कोल्ह्याच्या तोंडापासून जरा लांबच बसला, आणि चोच पुढे केली. “इथे. काढून घ्या.”

साहेबांनी चोच पाहिली. पंखाखाली पाहिलं. शेपटी उचलून पाहिली. बटण कुठे सापडेना.

“हे पुसायचं कसं?”

“ते ससाण्याला विचारा,” झिपऱ्या म्हणाला.

साहेब शेपूट घालून गेले.

पिल्लं मोठी झाली. काका आता दरवर्षी विणतो. प्रत्येक वेळी दुसऱ्या गाठीनंतर त्याची मान आपोआप डावीकडे वळते. “पोरांनो, बघताय ना रे?” आणि तो थोडा वेळ थांबतो.

पोरं नाकतोड्यांच्या मागे असतात.

तात्पर्य : मुलांनो, कोणतंही काम स्वतः शिकू नये. चोचीत साठवलेली फाईल पुसता येत नाही, तिचा परवाना कधी संपत नाही, आणि मालक मेला तरी ती उघडीच राहते. सगळेच असे वागले, तर बिचाऱ्या कोल्ह्यांनी खायचं काय?