अजिंक्य मधुकाका

आमच्या मधुकाकांनी एकदा डॉक्टरांशी स्वतःच्या ब्लडप्रेशरवरून वाद घातला. डॉक्टर म्हणाले, जास्त आहे. काका म्हणाले, शक्यच नाही, तुमचं मशीन बिघडलंय. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. वाद घालून घालून ते आणखी चढलेलं. काका म्हणाले, "बघा! पाच मिनिटांत दोन वेगळे आकडे. आता मान्य करा, मशीन बिघडलंय." डॉक्टरांनी मान्य केलं. बाहेर पेशंट खोळंबलेले, बिचारा करतो काय!

"मान्य करा" हे काकांचं पालुपद. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत ते माझ्या वरच्याच मजल्यावर एकटे राहतात. नोकरी विमा कंपनीत केली, तीही लोकांचे क्लेम नामंजूर करायच्या टेबलावर. म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला! तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा काका भेटायला गेले आणि पाचव्या मिनिटाला आजोबांच्या वयावरून जुंपली. मुलगा म्हणतोय ब्याऐंशी, काका म्हणतायत त्र्याऐंशी. शेवटी मुलगा डोळे पुसत म्हणाला, "असेल काका, तुम्ही म्हणताय तर." जिना चढताना काका माझ्या कानात कुजबुजले, "मान्य केलं बघ."

असा हा माणूस जन्मभर एकाच ठिकाणी हरत आला. डोंबिवलीला.

तिथे त्यांचे थोरले भाऊ राहतात, दादा. मधुकाकांना बुद्धिबळ शिकवलं ते दादांनीच, आणि दर रविवारी काका तिकडे जाऊन त्यांच्याकडून हरून येत. बरं, साधंसुधं हरणं नाही. दादांना शौक प्यादेमात द्यायचा. जुन्या खेळाडूंत वजिराने किंवा हत्तीने मात दिली तर ते नुसतंच जिंकणं. पण पटावरच्या सगळ्यात फडतूस प्याद्याने राजाला कोंडलं, तर जिंकणाऱ्याचा मान मोठा आणि हरणाऱ्याची पुरती नाचक्की. सोमवारी सकाळी मी मुद्दाम विचारायची, "काय काका, काल हरलात?"

"हरलो नाही. दादा जिंकला. दोन्हींत फरक आहे."

मागच्या पावसाळ्यात दादांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातपाय सावरले, पण बोलता बोलता मधेच अडकायला लागले, नावं विसरायला लागले. तरी रविवारचा डाव चालूच होता. आणि दिवाळीत आक्रीत घडलं. काका जिंकले! आख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले त्यांनी. वॉचमनला दिले, दूधवाल्याला दिले, ज्या सेक्रेटरीशी बिल्डिंगीच्या रंगाच्या छटेवरून वर्षभर बोलणं बंद होतं त्यालाही घरी जाऊन दिला. मी दोन खाल्ले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी काका माझ्याकडे आले. मला वाटलं, सोसायटीच्या पाण्यावरून काहीतरी असणार. तर म्हणाले, "मला बुद्धिबळाचा क्लास लावून दे. ऑनलाइन असतो म्हणे, ग्रुपमध्ये. तज्ज्ञ खेळाडू शिकवतात."

"अहो, आता तर जिंकायला लागलात. आता कशाला क्लास?"

काकांनी वाद न घालता खुर्ची ओढून घेतली. हे त्यांच्या बाबतीत इतकं विचित्र होतं की मी गपचूप लॅपटॉप उघडला.

क्लास सापडला. शिकवणारा मोठमोठ्या स्पर्धा गाजवलेला खेळाडू, वय मात्र काकांचा नातू शोभेल एवढं. फी वाचून मी म्हटलं, आता हे त्याच्याशी तासभर घासाघीस करणार. कोथिंबिरीच्या जुडीवर फुकट मिरची मिळाल्याशिवाय हा माणूस बाजारातून हलत नाही. पण काकांनी तीन महिन्यांची फी एकदम भरायला सांगितली. "तज्ज्ञ माणूस आहे, घासाघीस कसली करायची?" मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघणार होते, खरंच सांगते.

फोनवर पट बारीक दिसतो म्हणून शनिवार संध्याकाळचा हा क्लास माझ्या डायनिंग टेबलवर भरायला लागला. बॅचमध्ये कल्याणच्या एक डॉक्टरीणबाई, माजिवड्याचा एक बँकवाला, आणि बाकी सगळी शाळकरी पोरं. काका कानाला हेडफोन लावून बसत. आपल्याला घरातलं ऐकू येत नाही म्हणजे घरातल्यांनाही आपलं ऐकू येत नसणार, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे कोच काय म्हणाला ते मला कधी कळलं नाही, काका काय म्हणाले ते मात्र गोखले रोडपर्यंत कळलं असेल. तन्वी नावाच्या पाचवीतल्या पोरीने पहिल्याच दिवशी त्यांना झटपट हरवलं. काका ओरडले, "हा उंट आधी इथे नव्हताच! मान्य कर!" ती बहुतेक मान्य करायला तयार होती हो, कॉम्प्युटर करेना.

तिसऱ्या-चौथ्या क्लासला मी आमटी ढवळत होते, तर ऐकते काय, "सर, सुरुवात कशी करायची, किल्ला कसा करायचा, ते या मुलांना शिकवा. मला फक्त प्यादेमात शिकवा. नाही नाही, हल्ली असं कोणी देत नाही, हे मला मान्य आहे."

पळी हातातून आमटीत पडली. मधुकाका म्हणाले, मान्य आहे!

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि रागच आला. नुसतं जिंकून ह्यांचं पोट भरलं नव्हतं. आता दादांना त्यांच्याच प्याद्याच्या औषधाचा डोस पाजायचा होता. मी तोंडावर म्हटलं, "काका, आजारी भावाला प्याद्याने मारून काय मिळणार आहे तुम्हाला? शोभतं का हे?"

"तुला नाही कळायचं," असं म्हणून ते आमटी न चाखताच वर निघून गेले.

पुढे महिनाभर तेच. "राजा इथे आणला तर? पळायला वाट राहते? मग ही वाट बुजवू या. तन्वी, तू सांग गं." पोरं, डॉक्टरीणबाई, बँकवाला, सगळी बॅच त्या एका प्याद्याच्या मागे लागलेली.

मग एका रविवारी मला डोंबिवलीला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून काकांना गाडीतून नेलं. माजिवड्यापासून माणकोलीच्या पुलापर्यंत ते मोबाइलच्या नकाशातल्या बाईशी भांडत होते. "बाई, तू इथली नाहीस. सरळ जायचंय, मान्य कर." मी म्हटलं, आलेच आहे तर दादांना भेटून पुढे जाऊ.

दादा खिडकीशी पट मांडून बसलेले. दाढी केलेली, धुतलेला सदरा. काकांना बघताच म्हणाले, "ये मध्या. काय म्हणतो तुझा तो... तुझा तो..." शब्द सापडेना. काका थांबून राहिले. एरवी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस! "...कोच?"

"एवढ्या मोठ्या खेळाडूकडे शिकतोय, दादा. आज तुझी धडगत नाही."

"अरे जा! कोणाकडेही शीक."

मी स्वयंपाकघरात गेले. दादांच्या पत्नी, काकू, बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. मीही बसले सोलायला. त्या हळूच म्हणाल्या, "दिवाळीत मधुभावजी जिंकले ना, त्या दिवशी ह्यांनी पट माळ्यावर टाकायला लावला. म्हणाले, मध्या मला हरवतो म्हणजे माझं डोकं गेलं, आता संपलं. आठवडाभर अंथरुणातून उठले नाहीत गं, दाढी नाही, नीट जेवण नाही. मी भावजींना फोन करून रडले. ते आले, माळ्यावर चढून स्वतः पट काढला, आणि म्हणाले, दादा, नशिबाने जिंकलो, मला क्लास लावायला लागणार. तेव्हा कुठे हे हसले. आता साध्या डावात हे जिंकतात अधूनमधून. पण म्हणतात, प्यादेमात काही जमत नाही आता."

माझ्या हातातला वाल हातातच राहिला.

मी बाहेर येऊन उभी राहिले. शनिवारी शनिवारी ऐकून मलाही थोडं कळायला लागलेलं. काकांचा हत्ती समोर मोकळा होता. एक चाल, की दादांचा राजा खलास. मला दिसलं म्हणजे काकांना दिसलंच असणार. काकांनी डोकं खाजवलं, हत्तीपर्यंत बोट नेलं, आणि राजा उचलून कोपऱ्यात स्वतःच्याच मोहऱ्यांच्या गर्दीत नेऊन ठेवला. आता दादांनी प्यादं फक्त एक घर पुढे सरकवायचं होतं.

दादांचा हात उचलला गेला. प्याद्यावरून पुढे गेला. घोड्यावर थांबला. त्यांनी घोडा खेळला.

काकांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. त्यांनी उगाच आपलं एक प्यादं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "खेळ दादा. घाबरलास काय क्लासला?"

दादा पटाकडे बघत राहिले. काकूंचा चहा आला, निवला. काका जागचे हलले नाहीत. मीसुद्धा तिथेच उभी. देवा, दिसू दे रे ह्यांना!

"थांब," दादा म्हणाले. "थांब, थांब, थांब." आणि त्यांनी बोटाने ते प्यादं पुढे ढकललं. "मध्या! प्या... प्यादेमात!"

काय हसले दादा! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "लाव क्लास! लाव अजून! अगं, ऐकलंस का, कोच ठेवलाय ह्याने, आणि प्यादेमात घेतली माझ्याकडून!" काका हात नाचवून भांडत होते, "डोकं दुखत होतं माझं! हा घोडा आधी इथे नव्हताच!" दादा म्हणाले, "मान्य कर, मध्या."

काकांनी आपला राजा पटावर आडवा केला. "मान्य आहे, दादा," ते म्हणाले.

मला रडू आवरेना, म्हणून मी चहाचे कप उचलून आत पळाले. बहिणीकडे जायचंही राहून गेलं.

गाडीत बसल्यावर काकांनी क्लासच्या ग्रुपवर टाइप केलं, "हरलो. प्यादेमात." फोन थांबेचना. कोचने टाळ्या पाठवल्या, डॉक्टरीणबाईंनी फुलं पाठवली, आणि तन्वीने लिहिलं, "अभिनंदन काका! पुढच्या वेळी उंटाने वाट बुजवू, नाहीतर दादाआजोबांना संशय येईल."

"अहो, मला आधी सांगायचं नाही का? मी केवढं बोलले तुम्हाला!"

"तू बिल्डिंगभर सांगितलं असतंस. मान्य कर."

मी मान्य केलं.

नौपाड्यात त्यांनी मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. वजनावरून न भांडता किलोभर पेढे घेतले. गेटवर वॉचमनच्या हातात पेढा ठेवला. तो खूश होऊन म्हणाला, "क्या बात है काका! आज फिर जीत गये?"

"छे रे," मधुकाका छाती पुढे काढून, तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हरलो!"