हात लावायचा नाही

"बाई, तुम्ही त्यांचा चष्मा पुसलात?" गळ्यात शिट्टी अडकवलेली पंच मुलगी धावत आली.

"हो. नवरा आहे माझा. धुळीनं काही दिसत नव्हतं त्यांना."

"ही बाहेरची मदत झाली. आत्ता ताकीद देते. पुन्हा केलीत तर अर्धा तास दंड, आणि तिसऱ्यांदा ते स्पर्धेतून बाद."

चौतीस वर्षांच्या संसारात मेट्रनबाईंना बाहेरची असं सासूबाईंनीसुद्धा म्हटलं नव्हतं, आणि सासूबाईंनी म्हणायचं फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"अगं, चार वेळा सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून!" मास्तर ओरडले आणि सायकलवर टांग मारून चढाला लागले.

त्या दिवसांत डोंगरातल्या सायकल शर्यती नव्याच निघाल्या होत्या. ही एकशेवीस किलोमीटरची, दहा तासांत पुरी करायची. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांना चांदीच्या मुठीची काठी भेट दिली. मास्तर घरी येऊन तासभर त्या काठीकडे बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी जाड टायरची सायकल घेऊन आले. शर्यत वेळेत पुरी झाली तर आपण म्हातारे नाही, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता.

मेट्रनबाईंची अडचण वेगळी होती. तीस वर्षं इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड सांभाळलेला. कुणी नुसतं कण्हलं तरी हात आपोआप पुढे व्हायचे.

ऐंशीव्या किलोमीटरच्या थांब्यावर मेट्रनबाई आणि पंच मुलगी जीपनं आधीच पोचल्या होत्या; मास्तर आले ते लालबुंद होऊन.

"सकाळची गोळी घेतलीत?"

मास्तरांनी जीभ चावली. ती आत जायच्या आधीच पर्समधली गोळी तिच्यावर पडलीसुद्धा.

"अर्धा तास!" शिट्टी वाजली.

"अगं, रक्तदाबाची गोळी आहे ती!"

"नियम आहे, आजी."

'आजी'चा धक्का ओसरतो न ओसरतो तोच मास्तरांनी हात जोडले. "कृपा कर. आता मी मेलो तरी जागची हलू नकोस!"

दंड धरून आता साडेनऊ तासांत पोचायला हवं होतं. चार मिनिटं उरली असताना मास्तर शेवटच्या वळणावर दिसले. रेषा वीस पावलांवर आली आणि पोटरीत गोळा येऊन ते आडवे झाले. वर सायकल.

"अहो बाई, तुमचे मिस्टर ना ते? उचला की!" शेजारचा एक प्रेक्षक ओरडला.

मेट्रनबाई स्वतःच्याच दोन्ही हातांवर बसल्या. पाय कसा ताणायचा ते जिभेवर आलं होतं, पण तीही मदत ठरली तर? त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"काय बाई आहे! दगड नुसता!" मागून कुणीतरी म्हणालं. पंच मुलगीही तोंडावर हात धरून त्यांच्याकडेच बघत राहिली.

मास्तर उठले, पडले, पुन्हा उठले आणि सायकल ओढत लंगडत रेषेपलीकडे गेले. एक मिनिट राखून! गर्दीनं टाळ्यांचा कडकडाट केला.

घरी परतताना गळ्यात पदक होतं, पण मास्तर खिडकीबाहेरच बघत होते. अर्धा रस्ता संपल्यावर म्हणाले, "परकी माणसं हळहळली. तू मात्र ढिम्म."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, मेलो तरी हलू नकोस!"

"म्हणालो ना!" मास्तरांचा आवाज चिरकला. "चौतीस वर्षांत कधी माझं ऐकलं नाहीस, आणि आजच ऐकायचं सुचलं?"